ना-देय दाखला

समितीची बैठक दुसऱ्या शनिवारी,
लाईट असेल तर.
सचिव मी, म्हणून फॉर्म माझ्या कपाटात:
नाव, वर्ग, तुकडी, आणि खाली चौकटी –
सलग गैरहजर. भांडणे. व्यसनाचा संशय. वर्गात झोपणे.
शेवटी 'इतर'.
त्यापुढे जागा बोटाच्या पेराएवढी.

फेब्रुवारीतच विजापूर रोडचं डांबर
वास सोडायला लागलं होतं.
ग्रंथालयातून महानंदा हत्तुरे आल्या,
दारातच थांबल्या.
"सर, ते कुरापाटीचं पोरगं सगळं फेडूलालंय."
म्हटलं, बरंय की.
"बरं नाही, सर."

अंबादास. बी.एस्सी., दुसरं वर्ष.
वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, आई विड्या वळते.
हजेरी ब्याण्णव टक्के.
एकही चौकट त्याच्या मापाची निघेना.
कँटीनची एकशे चाळीस रुपये उधारी – चुकती.
कॅल्क्युलेटर शेजारच्याला: ठेव, तुलाच.
चार पुस्तकं मुदतीआधी परत,
दुमडलेले कोपरेसुद्धा सरळ करून.
आणि एक अर्ज, सुवाच्य:
ना-देय दाखला मिळावा.
दीड वर्ष शिल्लक असताना.

गेल्या वर्षी आम्ही फार तत्पर होतो.
व्हरांड्यात एक मुलगा एकटाच बोलायचा,
तेलुगूत, हातवारे करत.
वॉचमन धाडला. वडिलांना बोलावलं.
ते पाळी अर्धी टाकून आले, भुवयांत कापसाचे तंतू,
प्राचार्यांपुढे उभे राहिले;
बसा, कुणी म्हणालं नाही.
मुलगा नाटकातलं काम पाठ करत होता.
हे कळेपर्यंत त्यानं नाव काढून नेलं होतं.
त्याचा फॉर्म मात्र पूर्ण भरलेला आहे,
एकूण एक चौकट.
सही माझी.

म्हणून आता हात उचलेना.
सगळ्यांना कळवावं, की कुणालाच नको?
महानंदाबाई म्हणाल्या, मी एक केलंय, सर.
त्याला सांगितलं,
एक पुस्तक अजून निघूलालंय तुझ्या नावावर.
घरी बघ. उद्या सकाळी ये.
"आणि पुस्तक?"
"माझ्या टेबलाखाली."

तो आला.
"मी दिलंय मॅडम! शपथ!"
कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तो कुणावर तरी चिडला होता.
बाईंनी ऐकून घेतलं, डबा उघडला,
कडक भाकरी मोडून शेंगाचटणी पुढं सरकवली.
त्यानं खाल्लं, चिडूनच.

मी स्टूल ओढून बसलो.
जो प्रश्न विचारला तर नसलेलं डोक्यात येईल
म्हणून आपण गिळत राहतो,
तो विचारला. आडून नाही, नावानिशी.
तो चटणीचे तांबडे कण बोटानं गोळा करत राहिला.
बाहेर कुणाची तरी गाडी स्टार्ट होत नव्हती.
मग म्हणाला, "हो, सर."

वडिलांना आत्ता नको, म्हणाला. आक्काला सांगा.
आक्काला सांगितलं.
ती शाळेच्या पोषण आहारातून उठून आली,
हाताला हळद तशीच.
सिव्हिल हॉस्पिटलला रिक्षातून गेलो,
तो मधे, बाई आणि आक्का दोन्ही बाजूंना,
मी ड्रायव्हरशेजारी, एक पाय बाहेर.
केसपेपर दहा रुपये.
पैसे त्यानं काढले, बाईंनी त्याचा हात खाली दाबला:
"असू दे. उधार राहू दे थोडं."

बरा झाला, असं मी लिहिणार नाही.
मंगळवारी गोळ्या घ्यायला जातो.
एक पेपर राहिला.
कधी दोन-दोन दिवस येत नाही,
मग मी फोन करतो,
तो उचलतो, वैतागतो. मला तेवढं पुरतं.

जूनमध्ये पुस्तकांची मोजणी झाली.
तपासनीस म्हणाले, पुस्तक रॅकवर आहे,
नोंदीत विद्यार्थ्याकडे, हे कसं?
महानंदाबाईंनी चष्मा पुसला. दंड मी भरते, म्हणाल्या.
नवा फॉर्म छापताना मी 'इतर'पुढची जागा वाढवून मागितली.
प्राचार्य म्हणाले, दुसरं पान लागेल.
लागू दे, म्हटलं.

त्याला ठाऊक असावं, असं मला वाटतं.
तरी काल काउंटरवर कोपर टेकून विचारत होता,
"मॅडम, सापडलं का?"
"नाही रे," बाई म्हणाल्या,
"अजून बघूलालेय."